ज्या माशीने मॉर्गनना नोबेल मिळवून दिलं, तिच्याच अंडाशयात त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर लपलं होतं

पिकलेली केळी दोन दिवस टेबलावर ठेवा. तिसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती बारीक चिलटं घोंगावताना दिसतील. आपण हात मारून त्यांना हाकलतो. थॉमस हंट मॉर्गन यांनी मात्र अशी चिलटं दुधाच्या बाटल्यांमध्ये भरून पाळली आणि त्यांच्या जोरावर १९३३ चं नोबेल मिळवलं.

या चिलटाचं शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. मराठीत फळमाशी म्हणतात. (आंब्याला डागून बागायतदाराच्या डोक्याला ताप देणारी फळमाशी वेगळी, तिचं कुळही वेगळं.)

मॉर्गन यांचा जन्म १८६६ सालचा, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टनमध्ये. घराणं बडं. काका यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले घोडदळाचे सेनानी. आईचे आजोबा म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणारे फ्रान्सिस स्कॉट की. पोराला मात्र ना तलवारीत रस होता, ना कवितेत. तो बेडकांची अंडी आणि समुद्रातले किडे बघत बसायचा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मॉर्गन मुळात जनुकशास्त्रज्ञ नव्हतेच. त्यांचं खरं प्रेम गर्भविज्ञानावर होतं. एका अंड्यापासून एवढ्या वेगवेगळ्या पेशी कशा तयार होतात? कुठली पेशी डोळा होणार आणि कुठली आतडं, हे ठरवतं कोण? हा प्रश्न त्यांच्या मनात तरुणपणापासून होता. ब्रिन मॉर कॉलेजात शिकवत असताना त्यांनी प्लॅनेरिया नावाच्या चपट्या किड्याचे तुकडे करून पाहिले. बारीकसा तुकडाही पुन्हा अख्खा किडा होतो! आज आपल्याला माहीत आहे की ही करामत त्या किड्याच्या अंगात पसरलेल्या स्टेम सेलची, म्हणजे मूलपेशींची. तेव्हा ते कळायला मार्ग नव्हता.

१९०४ मध्ये मॉर्गन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. काही वर्षांनी तिथल्या एका छोट्या खोलीत माश्यांचा संसार थाटला गेला. आठ टेबलं, सगळीकडे बाटल्या आणि केळ्यांचा आंबूस वास. तिचं नावच पडलं फ्लाय रूम.

गंमत म्हणजे गुणसूत्रांवर आनुवंशिकता ठरते, हे तेव्हा मॉर्गन यांना पटत नव्हतं. त्यांची जुनी विद्यार्थिनी नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्येच दाखवून दिलं होतं की नर-मादी गुणसूत्रांवरून ठरतात. तरी गुरुजींची शंका कायम.

मग १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. मॉर्गन यांनी त्याचं लाल डोळ्यांच्या माद्यांशी मीलन घडवलं. पुढच्या पिढीत जवळपास सगळ्यांचे डोळे लाल. त्या पिढीतल्या माश्यांची आपसात पैदास केली, तेव्हा २,४५९ माद्या निघाल्या आणि त्या सगळ्या लाल डोळ्यांच्या. नरांमध्ये १,०११ लाल आणि ७८२ पांढऱ्या डोळ्यांचे. पांढरे डोळे फक्त नरांच्याच वाट्याला का यावेत? त्या डोळ्यांचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलंय असं मानलं, तरच हिशोब लागत होता. ज्या विचाराला विरोध केला, त्याचाच पुरावा स्वतःच्या बाटलीतून निघाला आणि मॉर्गन यांनी तो सरळ मान्य केला. माझ्या मते या माणसाचा सगळ्यात मोठा गुण हाच.

पुढची घोडदौड पोरांनी केली. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा विद्यार्थी पदवीही झाली नव्हती तेव्हा एका रात्रीत एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांचा नकाशा काढून मोकळा झाला. जगातला पहिला जनुक-नकाशा. नोबेलचे पैसे आले, तेव्हा मॉर्गन यांनी ते स्वतःच्या, तसंच स्टर्टेव्हंट आणि कॅल्विन ब्रिजेस यांच्या मुलांमध्ये वाटले.

पण एक नाव कायम मागे राहतं. लिलियन मॉर्गन, त्यांची पत्नी. लग्नाआधीच त्या जीवशास्त्रज्ञ होत्या. चार मुलं वाढवण्यात वर्षं गेली. मग पन्नाशीत त्या पुन्हा प्रयोगशाळेत आल्या, पगार नाही, पद नाही. तरी १९२२ मध्ये दोन एक्स गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली मादी माशी त्यांनी जगासमोर आणली. तिचे वंशज पुढे कित्येक प्रयोगशाळांनी वापरले. लिलियनना अधिकृत पद मिळालं ते १९४६ मध्ये, पतीच्या निधनानंतर, वयाच्या पंचाहत्तरीनंतर.

मॉर्गन यांचा मूळ प्रश्न मात्र तसाच होता. सगळ्या पेशींत जनुकं तीच, तर मग पेशी वेगळ्या का होतात? १९३४ मध्ये त्यांनी गर्भविज्ञान आणि जनुकशास्त्र या दोन्हींवर पुस्तक लिहिलं. त्यात अंदाज मांडला, की अंड्याच्या वेगवेगळ्या भागांतला द्रव वेगळा असल्यामुळे वेगवेगळी जनुकं कामाला लागत असावीत. अंदाज तल्लख होता, पण तपासायची साधनं नव्हती. ४ डिसेंबर १९४५ ला कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे ते गेले.

उत्तराचा एक मोठा तुकडा १९९८ आणि २००० साली मिळाला. टिंग शी आणि ॲलन स्प्रॅडलिंग या दोघांनी मॉर्गन यांचीच माशी घेतली आणि तिच्या अंडाशयात डोकावले.

माशीच्या एका अंडाशयात साधारण १६ ते २० बारीक नळ्या असतात. प्रत्येक नळीच्या टोकाला जेमतेम दोन-तीन मूलपेशी. त्यांना खेटून काही साध्या पेशी बसलेल्या असतात, टोपीसारख्या. या टोपी-पेशी स्वतः कधी अंडं होत नाहीत. त्या डीपीपी नावाचं प्रथिन सोडतात, आणि त्याचा निरोप असतो की आहेस तशीच राहा. मूलपेशीचे दोन भाग झाले की टोपीला चिकटलेली मूलपेशीच राहते. दुसरी थोडी लांब पडते, निरोप तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. तिच्यातलं बॅम नावाचं जनुक जागं होतं आणि ती अंड्याच्या वाटेला लागते.

म्हणजे दोघींची जनुकं तीच. फरक फक्त जागेचा आणि शेजाऱ्यांचा! शास्त्रज्ञांनी मुद्दाम डीपीपी वाढवून पाहिलं, तर सगळी नळी मूलपेशींनीच भरून गेली, अंडी होईनात. आणि एखादी मूलपेशी गेली, तर शेजारची मूलपेशी विभागून ती रिकामी जागा भरून काढते.

बाहेर पडलेल्या पेशीलाही वाऱ्यावर सोडलेलं नसतं. एस्कॉर्ट पेशी लांब हात पसरून तिला कवेत घेतात. हे हातच आखूड झाले, तर पेशीची पुढची वाढ बिघडते. सगळं नीट चाललं, तर ती पेशी चार वेळा विभागते आणि एकीच्या १६ होतात. या सोळांपैकी एकच अंडं होते, उरलेल्या पंधरा तिला पोसतात.