चंद्रभान महाराजांचे हंगामाचे माप

भेंडवळच्या चंद्रभान महाराज वाघ यांचे नाव बुलडाणा जिल्ह्याबाहेरही परिचित आहे, ते त्यांच्या घटमांडणीमुळे. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी त्यांनी ती सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केली, असे मानले जाते.

अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात १८ धान्यांचा घट मांडला जातो. मध्यभागी पावसाच्या ४ महिन्यांची ४ ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पुरी, पापड, करंजी. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकूळ किती भिजले यावरून त्या महिन्याचा पाऊस, दाणे किती विखुरले यावरून पीक आणि पुरीवरून नैसर्गिक संकटे सांगितली जातात. म्हणजे नुसत्या एकूण पावसावर महाराजांनी वर्ष चांगले वा वाईट ठरवले नाही. हवामान खाते देशाची ८७ सेंटिमीटरची सरासरी सांगते; कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र ऑगस्टमधला खंडच बुडवतो.

या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, हा अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्त्यांचा आक्षेप रास्तच आहे. दाणे वाऱ्यानेही हलतात. तरीही महाराजांचे वंशज दरवर्षी मांडणी करतात, आणि बियाणे घेण्यापूर्वी शेतकरी त्या पहाटे भेंडवळला जमतात.