स्क्रूड्रायव्हरवरचा 'पीएच' म्हणजे कोण? हेन्री फिलिप्सची गोष्ट

मोबाईल उघडायचं किट तुमच्याकडे असेल तर त्यातल्या बिटांवर पीएच ००, पीएच १ असे शिक्के दिसतील. हा पीएच म्हणजे फिलिप्स, एका माणसाचं आडनाव. मला ते नुकसान झाल्यावर कळलं.

चिखलीत घरासमोर जुन्या कारच्या दारात नवे स्पीकर बसवत होतो. दाराचं पॅनेल काढायला मोबाईलच्या किटमधलाच पीएच १ लावला. स्क्रू जागचा हलला नाही, बिट मात्र गर्रकन फिरला आणि डोक्यावरची अधिकची खाच घासून गोल झाली. शेवटी गॅरेजमध्ये जाऊन स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवावं लागलं. घरी आल्यावर हा फिलिप्स कोण, ते शोधायला बसलो.

हेन्री एफ. फिलिप्स अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरचा. गंमत म्हणजे अधिकच्या खाचेची मूळ कल्पना त्याची नव्हतीच. ती जॉन थॉम्पसन नावाच्या संशोधकाची. थॉम्पसनला ती बाजारात आणता आली नाही. फिलिप्सने तिचे हक्क घेतले, खाचेत सुधारणा केली आणि १९३० च्या दशकात स्वतःची कंपनी काढली.

पण स्क्रू बनवायला कुणी तयार होईना. एवढी खोल खाच ठोकताना डोकंच फुटेल, असं कारखानदारांचं म्हणणं. अखेर अमेरिकन स्क्रू कंपनीने खर्च करून ते जमवलं. १९३६ मध्ये फिलिप्सला पेटंट मिळाली आणि त्याच सुमाराला जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाड्यांत हे स्क्रू लावले.

कारवाल्यांना त्याची गरज होती. आधीच्या एका आडव्या खाचेतून स्क्रूड्रायव्हर सारखा निसटायचा. फिलिप्सची खाच आत निमुळती होत जाते, त्यामुळे बिट आपोआप मधोमध बसतो. मशीनने भराभर स्क्रू आवळायला हे फार सोयीचं.

त्याच्याही आधी कॅनडात पीटर रॉबर्टसनने चौकोनी खाचेचा स्क्रू काढला होता. तो पकडीला जास्त घट्ट. फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांच्या कामात तो वापरलाही गेला. पण फोर्डला त्यावर स्वतःचा ताबा हवा होता आणि रॉबर्टसनने नकार दिला. फिलिप्सने उलट केलं. अनेक कारखान्यांना परवाने दिले. पकडीत सरस स्क्रू मागे पडला आणि सहज मिळणारा जगभर पसरला.

तब्येतीमुळे फिलिप्स १९४५ मध्ये कामातून निवृत्त झाला आणि १९५८ मध्ये वारला. बिट निसटावा अशीच त्याने मुद्दाम रचना केली, असं आज बरेच जण सांगतात. पण त्याच्या १९३६ च्या पेटंटमध्ये बिट निसटू नये हाच हेतू दिला आहे. तरी जोर वाढला की निमुळता बिट वर सरकतोच. म्हणून माप बरोबर हवं.

आता कारचं पॅनेल काढताना मी हे पाळतो:

- आतल्या पॅनेलला बहुतेक ठिकाणी पीएच २ लागतो. बिट खाचेत बसवून हलवून बघा. डुगडुगला तर मोठा घ्या. आधी दाब द्या, मग फिरवा.
- जपानी बनावटीच्या गाडीत जेआयएस खाचेचे स्क्रू असू शकतात. दिसायला फिलिप्ससारखेच, पण डोक्यावर बहुतेकदा बारीक ठिपका असतो. त्याला जेआयएस बिटच लावा.
- दुकानात नुसता 'स्टार' मागू नका. कुणी अधिकचा देतं, कुणी सहा टोकांचा टॉर्क्स. स्क्रूचा फोटो दाखवा.
- सगळे स्क्रू निघूनही पॅनेल सुटलं नाही, तर ते क्लिपांवर अडकलेलं असतं. तिथे चपटा स्क्रूड्रायव्हर खुपसला की कडा मोडते. प्लास्टिकची पट्टी वापरा.
- दारात किंवा खांबात एअरबॅग असेल तर स्वतः हात घालू नका, मेकॅनिककडे द्या.

दुसऱ्या दाराला मी पीएच २ लावला. दाबून फिरवला आणि स्क्रू पहिल्याच फटक्यात सुटला.