वर्गाला बोलते करणारे कोमेनियस

डी.एड. आणि बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांत योहान आमोस कोमेनियस हे नाव बहुधा एका परिच्छेदापुरते येते. आधुनिक शिक्षणशास्त्राचे जनक आणि चित्रमय पाठ्यपुस्तकाचे कर्ते ही दोन बिरुदे पाठ करून विद्यार्थी परीक्षेला जातो आणि पुढे ते नाव विसरतो. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्यांचे चरित्र ठेवावेसे वाटते, ते मात्र निराळ्या कारणाने. व्याकरण येते, शब्दार्थ पाठ आहेत, लेखी उत्तर शुद्ध आहे. पण उभे राहून चार वाक्ये बोल म्हटले की जीभ टाळ्याला चिकटते, अशी मुले प्रत्येक निवासी शाळेत असतात. ज्या घरात ती भाषा कधी कानावर पडली नाही, त्या घरातून आलेल्या मुलाची तर ही कायमची व्यथा. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका निर्वासित शिक्षकाने अशा मुलांसाठी काय केले, त्याची ही हकिगत.

कोमेनियस यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात झाला. चेक भाषेत त्यांचे नाव यान आमोस कोमेन्स्की. चेक बंधुसंघ या लहानशा प्रॉटेस्टंट पंथातले हे कुटुंब. धर्मग्रंथ सामान्य माणसाला स्वतःच्या बोलीत वाचता आला पाहिजे, यासाठी या पंथाने मोठे कष्ट घेतले होते. मूल दहा-बारा वर्षांचे असतानाच आई, वडील आणि दोन बहिणी निवर्तल्या. आत्याकडे आश्रय मिळाला, पण थोड्याच काळात तेही गाव लुटारू सैन्याच्या हाती सापडले. पालकत्व ज्यांच्याकडे आले त्यांना या मुलाच्या शिक्षणाची फारशी फिकीर नव्हती. प्रेरोव येथील लॅटिन शाळेत त्याला प्रवेश मिळाला तेव्हा त्याचे वय सोळा होते. आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या शेजारी बसून त्याने पहिले धडे गिरवले.

हा उशीर त्यांच्या पथ्यावर पडला, असे म्हणायला हरकत नाही. लहान मूल शाळेतला जाच मुकाट्याने सोसते आणि विसरून जाते. सोळा वर्षांच्या मुलाने तोच जाच उघड्या डोळ्यांनी पाहिला. त्या काळी युरोपात लॅटिनवाचून विद्या नव्हती, नोकरी नव्हती, प्रतिष्ठा नव्हती. आपल्याकडे एके काळी संस्कृतचे होते तसेच. पण ही लॅटिन शिकवायची, तर तिचे नियमही लॅटिनमधूनच सांगायचे. मुलाला न कळणाऱ्या भाषेचे व्याकरण त्याला न कळणाऱ्या त्याच भाषेत घोकायला लावायचे, आणि चुकले की छडी. कित्येक शाळांत तर मुलांमधलाच एक गुप्त पहारेकरी नेमलेला असे. कोणी खेळताना घरची भाषा बोलला की तो त्याचे नाव शिक्षकाकडे पोहोचवी. परकी भाषा तोंडात यावी म्हणून स्वतःच्या भाषेला तोंडबंदी, असा तो उफराटा न्याय होता. त्यातून बोलणारी मुले थोडी आणि गप्प राहायला शिकलेली मुले अधिक निपजली, यात नवल ते काय?

पुढे हेरबोर्न आणि हायडेलबर्ग येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. हायडेलबर्गमध्ये असताना १६१४ साली कोपर्निकसच्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित त्यांनी विकत घेतले. त्यानंतर जवळचे पैसे संपले आणि मायदेशाची वाट त्यांनी पायी तुडवली. परतल्यावर ते प्रेरोवच्या त्याच शाळेत शिक्षक झाले आणि मुलांसाठी सोपे व्याकरण लिहू लागले. १६१८ साली फुलनेक गावी त्यांच्याकडे धर्मोपदेशकाचे आणि शाळेचे काम आले. लग्न झाले, संसार मांडला. त्याच वर्षी तीस वर्षांचे ते भयंकर युद्ध पेटले. १६२० च्या नोव्हेंबरात प्रागजवळच्या लढाईत चेक प्रॉटेस्टंटांचा पराभव झाला आणि त्यांच्या धर्मोपदेशकांना लपूनछपून जगण्याची पाळी आली. १६२२ मध्ये प्लेगने त्यांची पत्नी आणि दोन्ही मुले नेली. फुलनेकमध्ये मागे राहिलेली पुस्तके चौकात जाळण्यात आली. १६२८ साली आपल्या पंथबांधवांसह सरहद्द ओलांडून ते पोलंडमधील लेश्नो या गावी गेले. त्या दिवसानंतर मायभूमीत परत राहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

लेश्नोच्या शाळेत शिकवता शिकवता १६३१ मध्ये त्यांनी भाषेचे दार उघडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. 'यानुआ' या नावाने ते ओळखले जाते. यानुआ म्हणजे दार. आठ हजारांच्या आसपास शब्द, त्यांची एक हजार वाक्ये आणि शंभर प्रकरणे, अशी त्याची रचना. विश्वाच्या उत्पत्तीपासून झाडे, जनावरे, शरीर, शेती, घरबांधणी, राज्यकारभार इथपर्यंत एकेक विषय घेऊन त्या त्या गोष्टीचे शब्द सार्थ वाक्यांत गुंफलेले. असा प्रयत्न आयर्लंडमधील एका जेझुइट पंडिताने आधी केला होता. पण त्यात वाक्यांना वस्तूंचा क्रम नव्हता. शब्द आणि वस्तू यांची ताटातूट होता कामा नये, हे कोमेनियस यांचे सूत्र. पुस्तक वाऱ्यासारखे पसरले. युरोपातील बारा-एक भाषांत आणि आशियातील काही भाषांतही त्याची रूपांतरे झाली. निर्वासितांच्या गावातला एक शिक्षक खंडभर विख्यात झाला.

तरीही या पुस्तकाची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. हजार वाक्येसुद्धा घोकता येतात. नियम घोकणाऱ्या मुलाने वाक्ये घोकली, एवढाच फरक पडण्याचा धोका होता. दार उघडले, पण मूल उंबरठ्यावरच उभे. त्याला आत आणायचे, तर भाषा हातापायांत आणि गळ्यात उतरली पाहिजे, हे कोमेनियस ओळखून होते. आपल्या मोठ्या शिक्षणग्रंथात त्यांनी वर्गासाठी एक साधी रीत सुचवली आहे. शिक्षकाने पाठ सांगून झाला की एका विद्यार्थ्याने उठावे आणि जणू आपणच शिक्षक आहोत अशा थाटात तो सर्वांना पुन्हा सांगावा. तो चुकला तर इतरांनी सुधारावे. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. आधी हुशार मुलांनी आणि त्यांचे ऐकून कान तयार झाल्यावर मंद म्हटल्या जाणाऱ्यांनी. रीत आज किरकोळ वाटेल. परंतु जिथे विद्यार्थ्याने उत्तरापुरतेच तोंड उघडायचे, तिथे त्याला शिक्षकाच्या जागी उभे करणे ही लहान गोष्ट नव्हती.

लेश्नोत असतानाच, १६४० साली, त्यांनी डायोजिनिस या ग्रीक तत्त्वज्ञावर नाटक लिहून ते विद्यार्थ्यांकडून करवले होते. नंतरची दहा वर्षे भटकंतीत गेली. १६४१ मध्ये इंग्लंडचे बोलावणे आले. तेथे यादवीची चिन्हे दिसू लागली. मग स्वीडनसाठी पाठ्यपुस्तके लिहिण्याचे काम त्यांनी पत्करले. १६४८ च्या तहाने युद्ध संपले, पण त्या तहात चेक निर्वासितांना घरी परतण्याची मुभा मिळाली नाही. त्याच वर्षी दुसरी पत्नीही वारली.

अशा मनःस्थितीत १६५० साली हंगेरीतील शारोशपाटक येथून निमंत्रण आले. तेथील राजमाता झुझान्ना लोरांत्फी आणि तिचा मुलगा जिग्मोंड यांना आपल्या विद्यालयात सुधारणा हवी होती. अठ्ठावन्न वर्षांच्या कोमेनियस यांनी सात इयत्तांच्या शाळेचा आराखडा मांडला. प्रत्यक्षात सुरू झाल्या तीनच. ज्याचा खरा आधार होता तो तरुण जिग्मोंड १६५२ मध्ये अकाली गेला. विद्यार्थी सुस्त, शिक्षक उदासीन. शाळेतला आळस कसा घालवावा यावर कोमेनियस यांना एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहावी लागली. शिक्षक असलेल्या वाचकांना हे वाचताना हसू येईल आणि थोडे हायसेही वाटेल.

मग त्यांनी नाटकाचा उपाय काढला. यानुआतील एकेक विषय घेऊन तो रंगभूमीवर आणायचा. शाळेतल्या सहकाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. नाटके करणे हे जेझुइटांचे काम, गंभीर विद्यालयाला ते शोभत नाही, शिवाय अभ्यासाचा वेळ वाया जाणार, असा त्यांचा आक्षेप होता. बराच काळ हा विरोध टिकला. अखेर १६५४ च्या आरंभी पहिला प्रयोग झाला, तो श्रोत्यांना इतका आवडला की बाकीच्या नाटकांचा मार्ग मोकळा झाला. अशी आठ नाटके त्यांनी रचली आणि त्यांना मिळून नाव दिले 'खेळशाळा'.

या नाटकांत कथानक जवळजवळ नाहीच. जगातले सारे ज्ञान नव्याने तपासून पाहावे, अशी इच्छा टॉलेमी राजाला होते. त्याच्या दरबारात विद्वान बसलेले असतात आणि सृष्टीतील वस्तूंची, माणसाच्या शरीराची, व्यवसायांची, शाळेची, घराची, राज्याची माहिती देणारी माणसे एकामागून एक पुढे येतात. प्रत्येक जण आपले काम दाखवतो आणि सांगतो. नाट्यकलेच्या दृष्टीने पाहिले तर ही नाटके रुक्षच म्हणावी लागतील. आज कोणी तिकीट काढून पाहणार नाही. पण ती प्रेक्षकांसाठी लिहिलेली नव्हती, बोलणाऱ्यांसाठी होती. जे वाक्य काल पुस्तकात निपचित पडले होते, ते आज मुलाच्या तोंडी त्याचे स्वतःचे म्हणून आले. आपली पाळी केव्हा येते हे कळण्यासाठी दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकावे लागले. मागच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावा म्हणून आवाज उघडावा लागला. समोर शिक्षक छडी घेऊन बसलेला नव्हता. पालक आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी कौतुकाने पाहत होती. चूक झाली तरी गोष्ट पुढे जात राहिली.

आणखी एक बाब मला फार मोलाची वाटते. या नाटकांत पात्रे डझनावारी आहेत. कोणाला चार वाक्ये, कोणाला चाळीस, पण बहुतेकांच्या वाट्याला काही ना काही येतेच. आपल्या स्नेहसंमेलनांत सहसा याच्या उलट होते. खणखणीत आवाजाची तीन-चार मुले व्यासपीठावर आणि ज्यांना बोलण्याची खरी गरज आहे ती सतरंज्या उचलायला. कोमेनियस यांच्या रचनेत लाजऱ्या मुलाला लपायला जागा फारशी उरत नाही, आणि एकट्याने उघडे पडण्याची भीतीही नाही.

त्याच वर्षी शारोशपाटक सोडून ते लेश्नोला परतले. दोन वर्षांतच तेथे अनर्थ कोसळला. स्वीडनने पोलंडवर स्वारी केली होती आणि कोमेनियस यांनी स्वीडनच्या राजाची प्रशस्ती लिहिली होती. ज्या देशाने आसरा दिला त्याच्या शत्रूचे गुणगान करणे हे शहाणपणाचे नव्हते, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागते. १६५६ च्या एप्रिलमध्ये पोलिश सैन्याने लेश्नो जाळले. घर, ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते यांची राख झाली. विद्यार्थिदशेत हेरबोर्नला सुरू केलेला आणि चव्वेचाळीस वर्षे वाढवत नेलेला चेक भाषेचा कोश त्या आगीत गेला. लॅटिनच्या पुस्तकांनी जगभर कीर्ती मिळवणाऱ्या या माणसाला सर्वाधिक चटका लागला तो मायबोलीच्या कोशाचा. मुलाने आधी आपल्या भाषेत बोलावे, विचार करावा आणि मगच परक्या भाषेकडे वळावे, मुलींनीही शाळेत यावे, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला होता.

अखेरची चौदा वर्षे अॅमस्टरडॅममध्ये गेली. १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे त्यांचे 'चित्रमय जग' छापून निघाले. त्याचा मसुदा हंगेरीतच तयार होता, पण चित्रे कोरणारा कारागीर तेथे मिळाला नव्हता. दीडशे चित्रे, चित्रातील वस्तूंना आकडे आणि शेजारी लॅटिन व जर्मन वाक्ये. आपल्या अंकलिपीची ही थोरली बहीणच. पुस्तकाच्या आरंभी अक्षरओळख आहे, ती डोळ्यांनी नव्हे तर आवाजाने करायची. कावळ्याचा एक आवाज, मेंढीचा दुसरा, बदकाचा तिसरा, लांडग्याचा आणखी निराळा. मुलाने प्राण्याचा आवाज काढायचा आणि त्यातून अक्षर गवसायचे. पहिल्याच पानांवर वर्गभर कलकलाट होईल असे पुस्तक लिहिणारा पंडित त्या शतकात विरळाच.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी त्यांचे निधन झाले. जवळच्या नार्डन गावातील एका लहान चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. मानवी व्यवहारांच्या सुधारणेवरचा त्यांचा सात भागांचा महाग्रंथ अपुरा राहिला, आणि पुढे त्याचे हस्तलिखितच दृष्टिआड झाले. त्याचा पाचवा भाग भाषेविषयी आहे. जगातल्या प्रत्येक बोलीची मशागत व्हावी आणि सर्वांना एकमेकांशी बोलता येईल अशी एक समान भाषाही असावी, असा विचार त्यात मांडला आहे. ते हस्तलिखित सापडले १९३० च्या दशकात, जर्मनीतील हाले शहरी, अनाथ मुलांसाठी काढलेल्या एका जुन्या निवासी संस्थेच्या संग्रहात. संपूर्ण ग्रंथ १९६६ साली प्रागमध्ये, त्यांच्या मायभूमीत, छापून प्रसिद्ध झाला.