रेनॉल्ड्स साहेब आणि गवारगम

फ्लुइडच्या पेपरात आपल्याला छळणारे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स १८४२ साली बेलफास्टला जन्मले. केंब्रिजला जाण्याआधी त्यांनी वर्कशॉपमध्ये हात काळे केले. १८६८ ला मँचेस्टरमध्ये प्राध्यापक झाले. १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात त्यांनी रंगाची रेघ सोडली. वेग वाढला तशी रेघ विस्कटली, भोवरे उठले. १९१२ ला साहेब गेले.

१९४८ ला टॉम्स यांनी दाखवलं, की लांब साखळीचे रेणू चिमूटभर विरघळवले तरी अशा प्रवाहाचं घर्षण घटतं. रेणू ताणले जातात, भोवरे दबतात. गवारगमही तेच करतो.

मी शिरूरचा. आमच्याकडे घोडवरून, दौंडला भीमेवरून लांब पाइपलाइनी जातात; घर्षणापायी वीज जादा जळते. पण पंपात या साखळ्या तुटतात. स्वस्त, न तुटणारी साखळी शोधायची कोणी? आपणच!