वाटेगावचे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे



जत्रेत किंवा वरातीत हलगी कडाडली की आपले पाय आपोआप थिरकू लागतात. ती वाजवणाऱ्याकडे मात्र आपले क्वचितच लक्ष जाते. आपल्या सातारा-सांगलीकडच्या गावांत हलगी आणि सनई वाजवणे हे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाकडे सोपवलेले काम होते. देवाची पालखी त्यांच्या हलगीवर निघे, पण देवळाची पायरी चढण्याची त्यांना मनाई असे. लग्न त्यांच्या सनईवर लागे, पण जेवण त्यांना मांडवाबाहेर दुरून वाढले जाई. गावाला त्यांचे संगीत हवे होते, त्यांचा स्पर्श नको होता. याच समाजात जन्मलेल्या एका माणसाने संगीताच्या बळावर या अन्यायाला जाब विचारला. त्यांचे नाव तुकाराम भाऊराव साठे, अर्थात अण्णाभाऊ साठे.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच दिवशी वाळवे तालुक्यातील वाटेगावात अण्णाभाऊंचा जन्म झाला. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वडील भाऊराव, आई वालुबाई. घरात गरिबी आणि वर सरकारी शिक्का. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये केलेल्या कायद्याने कित्येक जातीजमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यातल्या माणसांना नेमाने हजेरी द्यावी लागे. हातून काही घडलेले नसतानाही आईच्या पोटातून बाहेर येताच मूल गुन्हेगार ठरे! स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला.

अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, असे सांगतात. १९३१-३२च्या सुमारास हे कुटुंब पोटासाठी चालत मुंबईला गेले. तिथे अण्णाभाऊंनी कोळसा वाहिला, फेरीवाल्याचे गाठोडे उचलले, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पत्रके वाचत ते अक्षरे शिकले. पुढे गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते रमले. ढोलकी, तुणतुणे आणि पाठ केलेली शेकडो गाणी हीच त्यांची शाळा झाली.

गाण्यातून अन्याय सांगण्याची परंपरा आपल्या भागाला नवी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. १८७३ मध्ये त्यांनी गुलामगिरी हे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना ते अर्पण केले. आपल्याकडची जात आणि तिकडचा वर्णद्वेष ही एकाच झाडाची फळे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. पुढे सत्यशोधक जलसे सातारा भागात गावोगाव फिरले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना त्यांनी गाण्यातून विचार करायला शिकवले.

अमेरिकेतही असेच घडले होते. दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामांना अक्षरे शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. तेव्हा ते गुलाम कापसाच्या शेतात आणि प्रार्थनेत मोशेची, मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांची कथा गात. मालकाला वाटे, हे भजन चालले आहे. गाणाऱ्याला मात्र ठाऊक असे की मिसर कोणता आणि फारो कोण! त्या गीतांपैकी काही आज जगभरच्या चर्चमध्ये गायली जातात. ज्याच्या हाती पुस्तक येऊ दिले नाही त्याच्या गळ्यातले गाणे कोणाला हिरावून घेता आले नाही.

अण्णाभाऊंच्या बाबतीतही तेच झाले. मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पमधल्या डासांवर त्यांनी पोवाडा रचला आणि कामगार खदखदून हसता हसता आपल्या वस्तीची दशा पाहू लागले. राजामहाराजांच्या पराक्रमाचा पोवाडा त्यांनी गरिबाच्या दारात आणला. बंगालच्या दुष्काळावर आणि स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडे लिहिले. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक सुरू केले. तमाशाच्या सुरुवातीचा परंपरेचा गण बदलून ते मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन करू लागले. गौळण त्यांनी वगळली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा हा तमाशा नसून लोकनाट्य आहे असे सांगून त्यांनी खेळ चालू ठेवला, असे म्हणतात. नाव बदलले, पण ढोलकी थांबली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची माझी मैना ही छक्कड घरोघरी पोहोचली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची घरधनीण यांची ती ताटातूट. महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारचे दुःख त्यांनी त्याच ताटातुटीतून सांगितले.

१९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन त्यांनीच केले. ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तोलली आहे, असे त्यांनी तिथे ठणकावून सांगितले. ज्या समाजाला सरकारने गुन्हेगार म्हटले, त्यातल्याच एका शूर पुरुषावर त्यांनी फकिरा ही कादंबरी लिहिली आणि ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले.

एवढा मान मिळूनही त्यांची गरिबी काही हटली नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी बरेचसे लेखन केले. १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हालअपेष्टांतच त्यांचे निधन झाले. २००२ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. जिवंतपणी ज्याने झोपडपट्टीत दिवस काढले, त्याला मरणानंतर परदेशात चौथरा मिळाला.

बंधुभगिनींनो, पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांची घरेही गावाबाहेरच होती, हे आपण विसरता कामा नये. आज आपल्या लग्नात आणि सणाच्या मिरवणुकीत बँड वाजतो, हलगी वाजते. उन्हात चार तास वाजवणाऱ्या त्या माणसाला आपण नावाने ओळखतो का? त्याच्याशी घासाघीस करून ठरवलेले पैसे तरी त्याच दिवशी देतो का? मिरवणूक संपल्यावर तो आपल्या पंगतीत आपल्या शेजारी बसतो, की पत्रावळ घेऊन कोपऱ्यात?

पुढच्या कार्याला वाजंत्री बोलवाल, तेव्हा एक पान त्यांच्यासाठी आपल्याच ओळीत मांडा. अण्णाभाऊंना तो मान हारापेक्षा अधिक आवडला असता.