तुरुंगातून सुटलेला शिक्षक

हट्टा, वसमत व आसपासच्या खेड्यांतील जो तरुण आज पदवी मिळवितो, त्याच्या प्रमाणपत्रावर बहुधा स्वामी रामानंद तीर्थ हे नाव असते. कारण १९९४ साली नांदेडास स्थापन झालेले विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे. परंतु हा पुरुष अनेक वेळा तुरुंगात जाऊन आला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी झाला. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेत व पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी मुलांस शिकविले. १९३२ साली संन्यास घेतला, तरी शाळा सोडली नाही. निजामाच्या राज्यात प्रजेस हक्क मिळावेत म्हणून १९३८ साली त्यांनी सत्याग्रह केला व बंदिवास पत्करला. १९४० साली पुन्हा तुरुंग. १९४७-४८ साली पुन्हा तुरुंग. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला, तेव्हा त्यांची अखेरची सुटका झाली.

सुटून आलेल्या मनुष्यापुढे मोठा प्रश्न असतो, की आता करावे काय? स्वामींस घर नव्हते, शेत नव्हते. गेलेल्या वर्षांची भरपाई मागावी, तर त्यांचा अधिकार मोठा होता. पण त्यांनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ व १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले. तथापि त्यांचे मन तरुणांकडेच होते. त्या काळी मराठवाड्यातील मुलास उच्च शिक्षणासाठी बहुधा हैदराबादेस जावे लागे, आणि गरिबाचे शिक्षण तेथेच थांबे. म्हणून १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन होऊन पीपल्स कॉलेज उघडले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले पी. व्ही. नरसिंह राव १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामी निवर्तले.

स्वामी देशकार्यासाठी तुरुंगात गेले. आपल्या गावी परत येणारा एखादा स्वतःच्या अपराधामुळे गेलेला असतो. हा भेद आम्ही विसरत नाही. तरी गेलेली वर्षे दोघांनाही परत मिळत नाहीत. पुढची वर्षे मात्र कोणाच्या तरी उपयोगी लावता येतात. यास्तव असा मनुष्य दारी आला, तर त्याला पाठ दाखवू नये. त्याच्या हातास काम द्यावे. आणि त्याची चाल नीट पारखून घेतल्यावर, त्यास जे येते ते गावच्या पोरांस शिकवू द्यावे.