लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि मोटरची निवड

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या जळगाव-धुळ्याकडे विहिरीवर किर्लोस्करची मोटर तुम्ही पाहिलीच असेल. त्या नावामागचे लक्ष्मणराव मुळात आपल्यातलेच, म्हणजे मास्तर होते, हे मुलांना जरूर सांगा.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग नीट ओळखू येईनात, म्हणून रंगकाम सुटलं. यंत्रांच्या रेखाचित्रांना मात्र रंग लागत नाहीत! तीच विद्या ते पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतंच. त्यातून कडबा कापायचं यंत्र निघालं आणि मग लोखंडी नांगर.

लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी म्हणायचे. पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. पैसा अडकलेला, तरी त्यांनी नांगर सोडला नाही.

नांगर घेताना शेतकरी आधी जमीन आणि बैलांची ताकद बघतो. तुमच्या मुलाला घरी छोटं सीएनसी मशीन बनवायचं असेल, तर मोटर घेतानाही हाच हिशोब करायला लावा. ओढायचं वजन किती, कापायचं काय? किटमधली निळी छोटी सर्वो साधारण १८० अंशच फिरते. पेन उचलायला ठीक, मशीनचा अक्ष ओढायला नाही. स्टेपर मोटर मोजून पावलं टाकते, पण ताण जास्त झाला तर पाऊल चुकतं आणि तिला ते कळत नाही. मोठी सर्वो एन्कोडरवरून स्वतःची जागा तपासत राहते, म्हणून महाग. भंगारात ती स्वस्त मिळते खरी, पण तिला जुळणारा ड्राइव्ह नसेल तर ती नुसती घरात पडून राहणार. लाकूड, ॲक्रिलिक कापायला स्टेपर पुरते, असं माझं मत.

लक्ष्मणरावांचं पुढे काय झालं? बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून काम चालू ठेवलं.

विजेच्या मोटरींची किर्लोस्कर कंपनी बंगळूरला १९४६ साली निघाली, तेव्हा लक्ष्मणराव सत्त्याहत्तरीत होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं.